भागिले आठ

"निव्वळ धावगती कुणाला कळते?" असं सेक्रेटरींनी सभेत विचारलं, तेव्हा सगळ्यांनी एकदम आपापल्या चपलांकडे पाहिलं. माझ्या चपला खुर्चीखाली सरकल्या होत्या, त्यामुळे मी तेवढा समोर बघत राहिलो.

"तुम्हाला कळते?" सेक्रेटरींनी मला विचारलं.

"त्यात काय आहे?" मी म्हणालो.

हा मी विचारलेला प्रश्न होता हो. त्यात नेमकं काय असतं, हे मला खरोखर जाणून घ्यायचं होतं. पण सेक्रेटरींनी ते उत्तर समजून लिहून घेतलं, टाळ्या पडल्या आणि वसाहतीतल्या महिला क्रिकेट स्पर्धेचा मी गणितप्रमुख झालो. आपल्याकडे पद असंच मिळतं. नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत पुढचा विषय सुरू झालेला असतो.

स्पर्धा साधी होती. वसाहतीत इमारती चार, म्हणून संघ चार: पुढची, मागची, कोपऱ्यावरची आणि आमची. एका संघात आठ जणी, डाव आठ ओव्हरचा. प्रत्येकीनं प्रत्येकीशी खेळायचं आणि वरच्या दोन संघांनी फायनल खेळायची. गुण सारखे झाले तर निव्वळ धावगती. म्हणजे मी.

आमच्या इमारतीची कप्तान माझी बायको. तिनं या स्पर्धेचं इतकं मनावर घेतलं होतं, की माझ्या एका मोज्यात बॉल घालून तो बाल्कनीच्या दांडीला टांगला होता आणि रोज सकाळी ती त्याला बडवत असे. दुसरा मोजा घेऊन मी ऑफिसला कसा जात होतो, हे विचारू नका. "यंदा फायनल खेळायचीच," ती मला म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, गुडघ्याला पुढच्या वर्षी पळणं झेपणार नाही. तेव्हा तुम्ही गणितात घोळ घालू नका म्हणजे झालं."

घोळ? मी? मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. भल्याभल्या दुकानदारांचे तराजू माझ्यासमोर थरथरतात. माणसाच्या अब्रूला घरातच असा धक्का बसावा, याचं वाईट वाटतं.

आता धावगती शिकणं आलं. विचारायची सोय नव्हती, कारण ती मला येत होती. म्हणून मी इमारतीत भेटेल त्याची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. "काय हो, तुम्हाला येते का धावगती? सांगा बघू." तळमजल्यावरचे इन्शुरन्सवाले म्हणाले, धावा गुणिले विकेट. दुसऱ्या मजल्यावरच्या संगीतशिक्षिका म्हणाल्या, ती अंतःप्रेरणेनं कळते. लिफ्ट दुरुस्त करायला आलेले गृहस्थ म्हणाले, आधी लिफ्टच्या दारातून पाय काढा. शेवटी एका पुतण्यानं फोनवर नीट सांगितलं: आपण केलेल्या धावा भागिले आपण खेळलेल्या ओव्हर, त्यातून वजा समोरच्यांनी केलेल्या धावा भागिले त्यांनी खेळलेल्या ओव्हर. एवढंच! मी जवळजवळ नाचलोच.

नाचताना सासूबाईंनी पाहिलं. त्या आमच्याकडेच असतात आणि टीव्हीवरचा प्रत्येक सामना आवाज बंद करून पाहतात. समालोचक फार बोलतात आणि त्यातलं निम्मं चुकीचं बोलतात, असं त्यांचं मत आहे.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "एक मात्र ध्यानात ठेवा. टीम ऑलआउट झाली, की तिच्या पूर्ण ओव्हर धरायच्या. आठच्या आठ."

"तीनच खेळल्या असल्या तरी?"

"तरी."

"का?"

"का म्हणजे? तसं असतं."

आता बघा, 'तसं असतं' या दोन शब्दांवर आमचं खातं चालत नाही. "आई," मी शांतपणे म्हणालो, "दुकानदारानं पारड्यात तीन किलो टाकले, तर मी आठ किलोचं बिल मंजूर करू? पारड्यात जे पडलं तेच वजन. तीन ओव्हर खेळल्या, तीन धरायच्या."

"बरं," म्हणून सासूबाईंनी पुन्हा टीव्हीकडे तोंड वळवलं. त्यांचं ते 'बरं' मला मुळीच आवडलं नाही, पण जावयानं किती म्हणून मनाला लावून घ्यायचं?

माझा सिद्धांत पहिल्यांदा कामाला आला तो पुढच्या इमारतीविरुद्ध. आमच्या बायकांनी सपाटून बॅट फिरवली आणि तीन ओव्हरमध्ये तीस धावा करून सगळ्या परतल्या. पुढच्या इमारतीनं ते तीस पाच ओव्हरमध्ये सावकाश ओलांडले आणि सामना जिंकला. मी गणित केलं. आमची गती तीस भागिले तीन, म्हणजे दहा. त्यांची जेमतेम सहा. मी माईकवरून जाहीर केलं: आमची इमारत अधिक, पुढची इमारत उणे.

पुढच्या इमारतीच्या कप्तान व्यायामशाळा चालवतात. त्या माझ्या टेबलापर्यंत चालत आल्या, तेव्हा टेबलावरचा पाण्याचा ग्लास आपोआप सरकला.

"जिंकलो आम्ही, आणि उणे आम्हाला?"

"गणिताला हारजीत कळत नाही, ताई."

"मग ते तुमच्यावरच गेलंय!"

त्यांनी हरकत नोंदवायचं म्हटलं. सेक्रेटरी म्हणाले, हरकत लेखी हवी. त्यांनी लेखी दिली. सेक्रेटरी म्हणाले, स्पर्धा चालू असताना हरकत घेता येत नाही, आणि संपल्यावर घेऊन उपयोग नाही, पण तुमचा अर्ज उत्तम लिहिलेला आहे. रात्री बायकोनं माझा मोजा धुऊन परत केला. आमच्या संसारात याला कौतुक म्हणतात.

शेवटचा साखळी सामना आमचा आणि मागच्या इमारतीचा. तोवर मागचीचे दोन विजय झाले होते, पुढचीचेही दोन, आणि त्यांचे सगळे सामने खेळून झाले होते. आमचा एकच. म्हणजे आम्हाला जिंकायलाच हवं होतं; आणि जिंकलो तरी तिघींचे गुण सारखे, त्यातून फायनलला जाणार दोघी. कोण, ते माझा कॅल्क्युलेटर ठरवणार होता. मी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला.

पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढल्या होत्या. अंपायर होते ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. ते वाइडसुद्धा उजवीकडे वळायच्या खुणेनं दाखवत. सासूबाई पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसल्या होत्या.

आमच्या इमारतीनं आधी बॅटिंग केली आणि आठ ओव्हरमध्ये साठ धावा केल्या. मग मागची इमारत आली. त्यांची एक पोहण्याची प्रशिक्षिका होती, तिनं पहिल्या तीन ओव्हरमध्ये नुसता हैदोस घातला. छत्तीस धावा झाल्या आणि तिसऱ्या ओव्हरच्या शेवटच्या बॉलवर ती एकदाची बाद झाली. बायकोनं हवेत उडी मारली आणि लगेच गुडघा धरला.

इथे मला माईकचा मोह झाला. माणसानं माईकपासून लांब राहावं, हे मला आता कळतं. "श्रोतेहो!" मी म्हणालो. "एक मोठी गंमत सांगतो. मागच्या इमारतीचा डाव आत्ता, याच क्षणी आटोपला, तर त्यांची गती बारा राहील, आणि त्या सामना हरूनसुद्धा फायनलला जातील! आणि आमची इमारत? जिंकून घरी!"

कुणी हसलं नाही. मागच्या इमारतीच्या कप्तान, दातांच्या डॉक्टरीणबाई, पॅड बांधता बांधता थांबल्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा धावफलकाकडे, आणि मग आपल्या संघाला जवळ बोलावलं. पोहणारी गेल्यावर उरलेल्यांना आणखी पंचवीस धावा जमतील याची खात्री नव्हती, आणि इथे तर हरूनच फायनल मिळत होती.

चौथ्या ओव्हरचा पहिला बॉल. त्यांच्या बाईंनी तो अलगद, अगदी हातात ठेवल्यासारखा आमच्या फिल्डरकडे उडवला. आमची फिल्डर आनंदानं झेल घ्यायला सरसावली, तोच बायको ओरडली, "सोड! सोड तो!" तिनं हात पाठीमागे घेतले. बॉल तिच्या पोटावर आपटला.

पुढच्या बॉलला दोन्ही बॅट्समन मधोमध येऊन उभ्या राहिल्या आणि गप्पा मारायला लागल्या. बॉल आमच्या संगीतशिक्षिकेच्या हातात. स्टंप तिच्यापासून हातभर. तिनं तो बॉल शेजारणीला दिला. शेजारणीनं "नको, तुमच्याकडेच असू दे" म्हणून परत केला. असा आग्रह चालला असताना तिकडे त्या दोघी कंटाळून पळाल्या आणि चुकून धावच झाली.

"अहो, आउट करा ना आम्हाला!" मागची इमारत ओरडली.

"मुळीच नाही!" आमची इमारत ओरडली.

मास्तरांनी अंपायरची टोपी काढून डोकं पुसलं. "मी वीस वर्षं बायकांना गाडी शिकवतोय," ते म्हणाले, "पण ब्रेक आणि ॲक्सिलरेटरची अशी अदलाबदल पाहिली नाही."

अशा रीतीनं चौथी ओव्हर संपली. धावा अडतीस, बाद एकच. पाचवी टाकायला बायको स्वतः आली. पण डॉक्टरीणबाई काही कमी नव्हत्या. कवळी बसेना तर जबडा वाकवणाऱ्यांतल्या त्या. त्यांनी संघाच्या कानात काहीतरी सांगितलं. पहिला बॉल पडला, आणि बॅट्समननं वळून स्वतःच्याच स्टंपवर बॅट हाणली.

हिट विकेट. आता यात फिल्डर काय करणार? दुसरी आली, तिनंही हाणली. तिसरी. चौथी. पाचवी आली ती बॉल टाकायच्या आधीच हाणायला निघाली होती, तिला मास्तरांनी थांबवलं. हिट विकेट बोलरच्या नावावर लागते. माझ्या बायकोनं पाच बॉलमध्ये पाच बळी घेतले, आणि प्रत्येक बळीला ती "अगं नको गं, नको!" म्हणून किंचाळत होती.

आता एकच विकेट उरली. स्टंपसमोर खुद्द डॉक्टरीणबाई. त्यांनी बॅट आधीच स्टंपवर धरून ठेवली होती.

"नो-बॉल टाक!" आमच्याकडून कुणीतरी ओरडलं. "नो-बॉलवर हिट विकेट नसते!"

बायकोनं रेषेच्या चांगलं पुढे पाऊल टाकून नो-बॉल टाकला. डॉक्टरीणबाईंनी स्टंप पाडले. मास्तर म्हणाले, नो-बॉल, एक धाव. स्टंप पुन्हा लावले. पुन्हा नो-बॉल. पुन्हा स्टंप. पाच वेळा हा प्रकार झाला. धावा त्रेचाळीस झाल्या, आणि बायकोच्या लक्षात आलं की असंच चाललं तर आपण हा सामनाच नो-बॉलवर हरू. ती बॉल हातात धरून उभी राहिली. समोर डॉक्टरीणबाई बॅट स्टंपवर धरून उभ्या.

"टाका ना!"

"नाही टाकत!"

तेवढ्यात बाल्कनीतून आवाज आला. सासूबाईंना माईकची कधीच गरज पडलेली नाही. "अगं, त्यांना किती वेळा सांगितलं! ऑलआउट झालं की आठच्या आठ ओव्हर धरतात! जगात सगळीकडे धरतात!"

बायको हळूच माझ्याकडे वळली. "अहो," ती म्हणाली, "आई म्हणते ते खरं का?"

"पारड्यात जे पडलं..." मी सुरुवात केली.

"पारडं ठेवा बाजूला. नियम बघा."

सेक्रेटरींनी आपला फोन माझ्यापुढे धरला. आंतरराष्ट्रीय नियम उघडलेला होता. मी वाचायला लागलो, आणि माईक चालू आहे हे मला पहिल्या ओळीनंतर कळलं. संघ सर्वबाद झाल्यास त्याच्या वाट्याच्या पूर्ण ओव्हर धरून भागाकार करावा. माझाच आवाज चारही इमारतींवर आपटून परत माझ्या कानात आला. सांगतो, इतकं लाजिरवाणं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

"म्हणजे आमचे ते तीस," बायको म्हणाली, "भागिले तीन नाही?"

"भागिले आठ," मी म्हणालो.

"सांगत होते ना!" व्यायामशाळावाल्या गर्जल्या.

मी सगळं नव्यानं मांडलं. निकाल असा निघाला: पुढची इमारत फायनलला, काहीही झालं तरी. आणि मागची त्रेचाळीसवरच बाद झाली तर आमची फायनलला. पण त्यांची एक जरी धाव झाली, तर आम्ही जिंकूनही बाहेर. हे मी माईकवरून सांगितलं, न सांगून जातो कुठे?

पुढच्या क्षणी जे झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून विश्वास ठेवतो. डॉक्टरीणबाईंनी स्टंपवरची बॅट चटका बसल्यासारखी काढली. आमच्या फिल्डरांनी पाठीमागचे हात पुढे घेतले. आणि ज्या पाच जणींनी हौसेनं स्वतःचे स्टंप पाडले होते, त्या बॅट घेऊन परत आत आल्या.

"आम्हाला परत खेळू द्या! आम्ही खोट्या आउट झालो होतो!"

"आउट म्हणजे आउट," मास्तर म्हणाले. "फूटपाथवर गाडी चढवून मग 'चुकून चढली' म्हणता येत नाही."

बायकोनं बॉल पुसला. मी देवाचं नाव घेणार होतो, पण या प्रकरणात त्यालाही ओढू नये असं वाटलं. तिनं बॉल टाकला, सरळ आणि स्वच्छ. डॉक्टरीणबाईंना आता काहीही करून टिकायचं होतं. त्या सावधपणे मागे सरकल्या, आणखी जरा सरकल्या, बॅट खाली आणली आणि त्यांच्या टाचेनं स्टंप पाडला.

त्रेचाळीस, सर्वबाद. आमच्या बायका एकमेकींच्या अंगावर पडून नाचत होत्या, आणि मी गणिताचे कागद गोळा करून मागच्या मागे सटकायच्या बेतात होतो.

"थांबा!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता कळलं! आमच्या विकेट जाईपर्यंत हे मुद्दाम गप्प बसले. एकच उरल्यावर खरा नियम काढला. माईकवरून आम्हाला आमिषसुद्धा यांनीच दाखवलं. काय डोकं आहे हो! आणि कप्तान कोण, तर यांची बायको!"

सगळ्या वसाहतीनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, पण खरं सांगतो, थोडा आदरही होता. इतकी वर्षं इथे राहतोय, इतक्या आदरानं माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.

स्पर्धा चालू असताना हरकत घेता येत नाही, पण लबाडीच्या आरोपाला ते कलम लागू नाही, असं सेक्रेटरी म्हणाले आणि खास सभा लागली. सेक्रेटरींनी विषय वाचला: गणितप्रमुखांनी लबाडी केली काय? केली असल्यास आमच्या इमारतीला बाद करून मागच्या इमारतीला फायनलला घेणे. आणि हरकत फेटाळायची तर उपस्थितांचं एकमत हवं.

मी स्वतःची बाजू मांडली. फार मुद्देसूद मांडली, आणि तिथेच चुकलो. जितकं मी व्यवस्थित बोलत गेलो तितके लोक एकमेकांना कोपरानं ढोसत होते. "बघा, किती तयारीचा आहे," असं कुणीतरी म्हणालंच.

मग बायको उठली.

"हा माणूस लबाडी करू शकत नाही," ती म्हणाली. मला भरून आलं. "कारण त्याला ती जमत नाही. पत्त्यांत हुकूम लपवतो आणि त्याच्यावरच बसतो, मग उठताना तो खाली पडतो. मागे कपाट जोडायला घेतलं, तर आत उभं राहून जोडलं आणि मला दार उघडायला लावलं. गेल्या महिन्यात दमून आला आणि कोपऱ्यावरच्या इमारतीत आमच्याच मजल्यावर जाऊन किल्ली फिरवत बसला."

"ते तुम्ही होता?" कोपऱ्यावरच्या इमारतीतले एक गृहस्थ म्हणाले. "आम्ही पोलिसांना फोन लावत होतो."

"लग्नाच्या वेळीच मी म्हटलं होतं," सासूबाई म्हणाल्या, "मुलगा सरळ आहे. म्हणजे, फारच."

मी उठून काही बोलणार, इतक्यात डॉक्टरीणबाई स्वतःशीच मान हलवायला लागल्या. "एक मिनिट," त्या म्हणाल्या. "हे माझ्याकडे दाढ काढायला आले होते. दुखत होती डावीकडची. विचारलं कुठली, तर आरशात बघून यांनी उजवीकडची दाखवली. आणि वर मला म्हणाले, 'मापात मी कधी चुकत नाही.'" त्यांनी सेक्रेटरींपुढचा हरकतीचा कागद उचलला. "नाही हो. या माणसानं कट केलेला नाही. मी हरकत मागे घेते."

सभेतला माझ्याबद्दलचा आदर तिथल्या तिथे ओसरताना मला दिसला. सेक्रेटरी म्हणाले, नोंदवलेली हरकत मागे घेता येत नाही, फक्त फेटाळता येते, आणि त्यांनी फेटाळण्याचा ठराव लिहिला: सदर सदस्यांनी जे केले ते केवळ अज्ञानातून केले. व्यायामशाळावाल्यांनी 'केवळ' काढून 'घोर' सुचवलं. मास्तरांनी अनुमोदन दिलं. मग सेक्रेटरींनी हात वर करायला सांगितले, आणि ते मोजत मागपर्यंत गेले नि परत आले.

"एकमत होत नाही," ते म्हणाले. "एक हात कमी आहे."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी वजनमापे निरीक्षक, इस्त्रीच्या शर्टात. बायकोनं मला डोळ्यानंसुद्धा खुणावलं नाही. ती फक्त पाहत होती, आणि तिला फायनल किती हवी होती ते तिच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं.

मी हात वर केला.

"घोर अज्ञान, एकमतानं मंजूर," सेक्रेटरी म्हणाले. त्यावर पहिली टाळी पडली ती सासूबाईंची.